शेवटाचा तर्क : अद्भुतकथेचे माध्यमांतर आणि जाणता प्रेक्षक

प्रस्तावना

एखाद्या अद्भुतकथेवर चित्रपट निघणार असे जाहीर झाले की त्या कथेच्या चाहत्यांत एक प्रश्न हमखास चर्चिला जातो. चित्रपटाचा शेवट कसा होणार? वरवर पाहता हा प्रश्न विसंगत वाटतो. कथा छापलेली असते, चाहत्यांनी ती अनेकदा वाचलेली असते. मग जे ठाऊक आहे त्याविषयी तर्क कशासाठी? महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थी तासन् तास अशा चर्चा करताना दिसतात आणि आपण अध्यापक बहुधा त्याला रिकामपणाचा उद्योग समजून पुढे जातो.

प्रस्तुत लेखात या उद्योगाकडे साहित्यव्यवहाराचा एक भाग म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. माध्यमांतराच्या शेवटाविषयी केला जाणारा तर्क हा मुख्यतः घटनांविषयीचा नसतो, तो मूल्यनिर्णयाविषयीचा असतो. ‘पुढे काय होईल?’ या प्रश्नाच्या आड ‘या कथेत शेवटचा शब्द कोणाचा असला पाहिजे?’ हा प्रश्न उभा असतो. म्हणूनच असा तर्क, तो पुराव्यानिशी केलेला असेल तर, समीक्षेचाच एक प्रकार ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे. विवेचनाच्या सोयीसाठी मूळ कथा आणि चित्रपट यांच्यातील नात्याचे तीन प्रकार कल्पिले आहेत : शेवट अद्याप लिहिला न गेलेली कथा, शेवट लिहून पूर्ण झालेली कथा, आणि चित्रपटाला केवळ बीज पुरविणारी कथा.

न लिहिलेला शेवट

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका. पहिला चित्रपट २००१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा सातपैकी चारच पुस्तके प्रसिद्ध झाली होती. सातवे पुस्तक २१ जुलै २००७ रोजी आले, आणि त्याच महिन्यात पाचवा चित्रपट चित्रपटगृहांत होता. म्हणजे सुमारे सहा वर्षे एक माध्यम दुसऱ्या माध्यमाच्या अपूर्ण कथेवर उभे होते. चित्रपटकर्त्यांनाही शेवट पूर्णपणे ठाऊक नव्हता. स्नेपची भूमिका करणारे ॲलन रिकमन यांना लेखिकेने त्या पात्राविषयीचे एक गुपित आधीच सांगून ठेवले होते, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे.

२००५ मध्ये आलेल्या सहाव्या पुस्तकात स्नेपच्या हातून डंबलडोरचा मृत्यू होतो. त्यानंतरची दोन वर्षे वाचकांत दोन तट होते. एकाच्या मते स्नेप विश्वासघातकी होता, दुसऱ्याच्या मते तो आज्ञा पाळत होता. दोन्ही बाजू पुस्तकातील संवाद, मौन आणि विरामचिन्हेसुद्धा तपासत होत्या. याच पुस्तकात ‘आर. ए. बी.’ अशी आद्याक्षरे असलेली एक चिठ्ठी येते. ही व्यक्ती म्हणजे रेग्युलस ब्लॅक असावा, हा तर्क भाषांतरांनी बळकट केला. डच भाषांतरात ब्लॅक हे आडनाव ‘झ्वार्ट्स’ असे, म्हणजे ‘काळा’ या अर्थाच्या डच शब्दावरून, बेतलेले होते आणि चिठ्ठीवरील शेवटचे अक्षर त्यानुसार बदलले होते. नॉर्वेजियन आवृत्तीतही तसेच घडले. भाषांतरकाराच्या निर्णयावरून मूळ संहितेचा अर्थ लावण्याची ही रीत भाषांतरविद्येच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. ती येथे सामान्य वाचकांनी वापरली.

चित्रपटही असाच पुरावा ठरला. पाचव्या चित्रपटाच्या पटकथेतून क्रीचर हे दुय्यम पात्र वगळण्याचा विचार होता. पुढे त्याची गरज पडेल असे रोलिंग यांनी सुचविल्यावर ते राहिले. ही वार्ता बाहेर येताच चाहत्यांनी तिच्यावरून अखेरच्या पुस्तकाचा अंदाज बांधला. माध्यमांतर मूळ कथेनंतर येते हा आपला नेहमीचा समज आहे. येथे माध्यमांतर मूळ कथेच्या आधी वाचले गेले.

लिहिलेला, पण निवडावयाचा शेवट

दुसऱ्या प्रकारात शेवट सर्वांना ठाऊक असतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चा तिसरा खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. कादंबरीत अंगठी नष्ट झाल्यावरही कथा संपत नाही. चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचा शायर हा मुलूख सारूमानच्या माणसांनी उद्ध्वस्त केलेला असतो. झाडे तोडलेली, गावकरी धाकात. त्यांना स्वतःच्या गावासाठी पुन्हा लढावे लागते. हे प्रकरण चित्रपटात येणार की नाही, हा चाहत्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. पहिल्या चित्रपटात गॅलाड्रिएलच्या जलदर्पणात फ्रोडोला जळणारे शायर दिसते, त्यामुळे ते येईल या आशेला आधारही मिळत होता. प्रत्यक्षात २००३ च्या चित्रपटात हॉबिट परततात ते जसेच्या तसे राहिलेल्या गावात.

हा बदल केवळ लांबी कमी करण्याचा नाही. टॉल्किन १९१६ च्या सोमच्या लढाईत सैनिक होते. युद्ध दूरच्या रणांगणावर संपते आणि घर मात्र सुरक्षित राहते, यावर त्यांच्या कादंबरीचा विश्वास नाही. चित्रपटाचा शेवट वेगळी गोष्ट सांगतो : घर तेच राहते, बदललेला असतो तो परतणारा माणूस. दोन्ही शेवट समर्थनीय आहेत. परंतु ‘ते प्रकरण हवेच’ असे म्हणणारा चाहता घटनेचा हट्ट धरीत नव्हता, कथेच्या एका अर्थाची बाजू मांडत होता.

हॅरी पॉटरच्या अंतिम चित्रपटातही (२०११) असेच दिसते. पुस्तकात व्होल्डेमॉर्ट भरसभेत, सर्वांच्या डोळ्यांदेखत मरतो आणि त्याचे प्रेत सामान्य माणसाच्या प्रेतासारखे पडून राहते. अमर होऊ पाहणारा जुलमी शासक अखेर मर्त्यच होता, याला समाज साक्षी असतो. चित्रपटात तो निर्मनुष्य प्रांगणात राखेसारखा विरून जातो. दृश्य प्रेक्षणीय आहे, पण साक्षीदार नाहीत. पुस्तकातील हॅरी सर्वशक्तिमान छडीने आपली मोडकी छडी दुरुस्त करतो आणि ती परत डंबलडोरच्या थडग्यात ठेवण्याचे ठरवितो. चित्रपटातील हॅरी ती मोडून फेकून देतो. सत्तेचा त्याग आणि सत्तेचा नाश यांतील फरक राज्यशास्त्राच्या वर्गातही चर्चिण्यासारखा आहे.

बीजापुरती कथा : ‘तुंबाड’

तिसऱ्या प्रकारासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यामागे नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले. कोकणातील वाडा, सततचा पाऊस आणि शापित म्हातारी यांतून भयाचे वातावरण उभे राहते. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला, अतिलोभी पुत्र मात्र चित्रपटाने आपली स्वतंत्र पुराणकथा म्हणून रचला. येथे मूळ कथा वाचलेला प्रेक्षकही शेवट सांगू शकत नव्हता. त्याला चित्रपटाचे अंतर्गत नियमच वाचावे लागत होते : हस्तरला सोने मिळाले, पण अन्न नाही, म्हणून कणकेच्या बाहुलीने त्याला भुलविता येते आणि पिठाच्या रिंगणाने रोखता येते.

१९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत उलगडणाऱ्या या कथेच्या शेवटी अधिक सोन्याच्या मोहाने एकाच वेळी अनेक बाहुल्या नेल्या जातात आणि तितकेच हस्तर अवतरतात. विनायक मुलाला वाचवितो, स्वतः विद्रूप होतो आणि तरीही हस्तरच्या कमरेचा सोन्याने भरलेला ऐवज मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. नियमांच्या दृष्टीने हा शेवट तर्कसंगत आहे. नैतिक दृष्टीने तो अनपेक्षित आहे, कारण तोपर्यंत लोभ पिढीजात चालत आलेला दाखविला होता.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यामुळे मिटलेला शेवट पुन्हा उघडला गेला. पांडुरंग त्या वाड्यात परत जाईल काय? ‘जाईल’ म्हणणारा प्रेक्षक लोभ रक्तातून येतो असे मानतो. ‘जाणार नाही’ म्हणणारा १९४७ मधील त्या नकाराला अंतिम मानतो. १९४७ हे वर्ष चित्रपटकर्त्यांनी सहज निवडलेले नसावे. स्वतंत्र झालेल्या देशातील वारसाने आपल्या वाडवडिलांचे सोने नाकारणे, या घटनेचे पुढे काय झाले, असाच तो प्रश्न आहे. अशा तर्काला बाष्कळ म्हणणे अवघड आहे.

तर्काचे कोडे होते तेव्हा

या व्यवहाराच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. ‘बाहुबली’ चा पहिला भाग (जुलै २०१५) आणि दुसरा भाग (एप्रिल २०१७) यांच्या दरम्यान कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्यामागे मूळ पुस्तक नव्हते. बहुतांश चर्चा एका उत्तराच्या शोधात होती आणि उत्तर मिळताच ती संपली. कथेचे कोडे झाले की उत्तर हेच तिचे सर्वस्व ठरते, आणि मग ते आधी फोडणारा गुन्हेगार ठरतो. उत्कंठा ताणून तिकिटे विकणे हे बाजाराला सोयीचे असते. पण ज्या कथेचा रस शेवट कळताच संपतो, तिचा शेवट मुळात दुबळा असण्याची शक्यता अधिक.

ज्ञात शेवट आणि अद्भुत

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. नाट्यशास्त्राने नाटकासाठी प्रख्यात कथावस्तू सांगितली, म्हणजे प्रेक्षकाला ती आधीच माहीत असणार हे गृहीत धरले. आणि तरीही निर्वहण संधीत, म्हणजे शेवटी, अद्भुत रस असावा असे म्हटले. ठाऊक असलेल्या कथेच्या अखेरीस विस्मय कसा संभवतो, याचे उत्तर आठव्या शतकातील भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ मध्ये मिळते. रामायणातील सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूती सातव्या अंकात नाटकातील नाटक योजून राम-सीतेचे पुनर्मीलन घडवितो. मूळ शेवट जाणणाऱ्या प्रेक्षकालाच या बदलाचे मोल कळते. जो काहीच जाणत नाही त्याला ते केवळ एक सुखान्त नाटक वाटेल. ज्ञान हे येथे विस्मयाच्या आड येत नाही, ते त्याची पूर्वअट आहे.

शेवट ठाऊक असणे आणि त्याची आतुरतेने वाट पाहणे यांत विरोध नाही, याचा प्रत्यय नंदुरबार जिल्ह्यातही येतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक. तेथील राजवाडी होळीला सातपुड्याच्या दोन्ही बाजूंनी आदिवासी बांधव जमतात. उंच बांबूचा दांडा उभा राहतो. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले नर्तक ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. पहाटे काय होणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून कोणी रात्रीच उठून जात नाही. होळी हा विधी आहे, कथा नव्हे. तरीही प्रतीक्षेचे स्वरूप समजून घेण्यास तो उपयुक्त आहे. या प्रदेशात याहामोगी आणि राजा पांठा यांच्या कथांचीही मौखिक परंपरा आहे. अशा कथा ऐकणारा श्रोता काय घडले हे विचारायला येत नाही. या वेळी ते कसे सांगितले जाते, काय राखले आणि काय गाळले, हे तो पाहतो. माध्यमांतराच्या जाणत्या प्रेक्षकाची भूमिका नेमकी हीच असते.

येथे अध्यापकाचा संबंध येतो. मौखिक परंपरेतून आलेला विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा ‘उत्कंठा’ हा कथेचा प्रमुख गुण असल्याचे आपण त्याला शिकवितो, आणि नकळत त्याच्या घरच्या कथांना उणेपणा देतो. दुसरीकडे चित्रपटाच्या शेवटावर त्याने मांडलेला मुद्देसूद तर्क आपण वर्गाबाहेर ठेवतो. दोन्हीकडे नुकसान त्याच्या वाचनशक्तीचे होते.

निष्कर्ष

१. माध्यमांतराच्या शेवटाविषयीचा तर्क हा कथेच्या अर्थाविषयीचा युक्तिवाद असतो. त्याची गुणवत्ता तो खरा ठरला की नाही यावर ठरवू नये, तर संहितेतील कोणत्या पुराव्यावर तो उभा आहे यावर ठरवावी.

२. मूळ कथेचा शेवट अपूर्ण, पूर्ण किंवा केवळ बीजरूप असेल त्यानुसार पुराव्याचे स्वरूप बदलते : पहिल्यात सूचक तपशील, दुसऱ्यात निवड, तिसऱ्यात चित्रपटाचे अंतर्गत नियम.

३. शेवट आधी कळल्याने रसहानी होते हे गृहीतक नाट्यशास्त्र, ‘उत्तररामचरित’ आणि आपल्या परिसरातील मौखिक परंपरा यांच्या कसोटीवर टिकत नाही.

४. साहित्याच्या वर्गात माध्यमांतर शिकविताना चित्रपट दाखविण्यापूर्वी मूळ संहिता वाचून, शेवट कोणता असेल आणि कोणता असावा, हे विद्यार्थ्यांकडून कारणांसह लिहून घ्यावे. ‘असेल’ आणि ‘असावा’ यांतील अंतर ज्याला स्पष्ट करता आले, त्याला समीक्षा म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.