रंग खरवडण्याआधी

मुंबईत व्हिंटेज गाड्यांची रॅली निघते तेव्हा फोर्टात सकाळपासून बघ्यांची गर्दी असते. बॉनेटवर ऊन पडलं की डोळे किलकिले करावे लागतात, इतकी चकाकी. गर्दीतून दोनच उद्गार ऐकू येतात: ‘काय मेंटेन केलीय!’ आणि ‘केवढ्याची असेल?’ दुसरा प्रश्न मालकावर सोडून देऊ. पहिला मात्र तपासायला हवा, कारण समोरची गाडी बहुतेक वेळा सांभाळलेली नसतेच. ती नव्याने घडवलेली असते. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीही ती एवढी चकाकत नव्हती. त्या काळच्या विलायती स्पोर्ट्स गाडीवर सेल्युलोजचा रंग असे. आपले पेंटर त्याला अजून ड्युको म्हणतात. हाताने घासून, पॉलिश करून त्याला येणारी झळाळी मऊ असते. आज त्याच गाडीवर पॉलियुरेथेन चढतो, वर क्लिअर कोट, आणि गाडी कालच शोरूममधून आणल्यासारखी दिसते. बक्षीसही बहुधा तिलाच मिळतं.

जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची मुंबईची कला आज कुठे पोहोचली आहे, याचा हिशोब मांडायला वडाळा ही जागा वाईट नाही. शेजारी शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळवायचा कारखाना घातला. सुटे भाग गोदीत उतरायचे आणि शिवडीहून शेवरोले रस्त्यावर यायच्या. १९५४ साली तो बंद झाला. दुसऱ्या अंगाला दादर-माटुंग्याची पारशी कॉलनी आहे, आणि पारशी घर आणि जुनी गाडी यांचं नातं मुंबईकराला सांगायला नको. ट्रक टर्मिनलच्या बाजूला आरटीओ आहे, आसपास डेंटर, पेंटर, लेथवाले, रेडिएटरवाले. आणि वडाळ्याला मिठागरं आहेत. शेवटची गोष्ट विषयाला सोडून वाटेल, पण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचं काय करतो हे लक्षात घेतल्याशिवाय मुंबईत ‘जशीच्या तशी गाडी’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या कोठारात सत्तर वर्षं उभी राहिलेली गाडी आणि वडाळ्याच्या चाळीमागच्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी यांची बरोबरी होत नाही. दाराचा खालचा काठ, मडगार्डची आतली बाजू, पायाखालचा पत्रा इथे आधी पापुद्रे सुटतात, मग हात लावला की चुरा.

त्यामुळे इथला मिस्त्री पुनर्निर्माणात तयार झाला आणि जतनाशी त्याची गाठ फारशी पडली नाही. हा त्याचा दोष नाही. त्याचं कसब अव्वल आहे. सपाट पत्रा घेऊन, रेतीच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत तो मडगार्डचा गोलवा असा काढतो की बोट फिरवून जोड सापडत नाही. पार्ट मिळत नसेल तर लेथवर काढून देतो. परदेशातली माणसं कॅटलॉगातून मागवतात ते आपला माणूस नजरेने मापून बनवतो. या कलेचं कौतुक कमीच झालं आहे. पण तिला एक खोड आहे: जुनं दिसलं की ते काढायचं.

उदाहरणादाखल एमजी टीसी घेऊ. १९४५ ते १९४९ या काळात दहा हजारांच्या घरात बनलेली, उंच तारांच्या चाकांची ही दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी. तिच्या पत्र्याखाली अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या दमट हवेत तो कुजतो, मग सुतार सागवानाचा नवा करून बसवतो. सागवान जास्त टिकतं, उधईला दाद देत नाही. इथवर तक्रार नाही. इंजिनाचं मात्र वेगळं. १२५० सीसीच्या या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आणि डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. कारण मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस हा फ्रेंच कारखाना विकत घेतला, त्यातली यंत्रं फ्रेंच मापाची होती आणि इंग्लंडभर मेकॅनिकांच्या हातात पाने मात्र इंग्रजी. ही तडजोड धातूत तशीच उतरली. घाईतल्या मिस्त्रीला असा बोल्ट बाजारात सापडत नाही. तो सरळ भोक मोठं करतो, टॅप मारून नवे आटे पाडतो आणि साधा बोल्ट ठोकून देतो. गाडी चालू होते, मालक खूश होतो आणि त्या इंजिनातली एका काळाची नोंद कायमची पुसली जाते. असे दहा बोल्ट, मग काटे, मग सीटचं चामडं, मग डॅशबोर्डचं लाकूड. शेवटी उरतो चासी नंबर.

रेसिंगच्या गाड्यांशी आलो की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण रेसची गाडी कधीच ‘मूळ’ नसते. आज इंजिन बदललं, उद्या अपघातात पुढचा भाग गेला, परवा नियम बदलले म्हणून बॉडी कापली. यावर लंडनच्या हायकोर्टात १९९० साली खटला चालला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं आणि १९३२ साली ब्रुकलँड्सला क्लाइव्ह डनफी तिच्यातच मेला. गाडी पुन्हा बांधली गेली. साठ वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला, तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, यात ल मांच्या गाडीचं उरलंय काय? फारसं काही उरलेलं नव्हतं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ती खरीच ‘ओल्ड नंबर वन’ असल्याचा निकाल दिला. तिचं अस्तित्व कधी खंडित झालं नव्हतं, प्रत्येक बदल तिच्या चालत्या आयुष्यात झाला होता आणि दुसरी कोणतीही गाडी त्या नावावर हक्क सांगू शकत नव्हती. मला हा निकाल पटतो, एका अटीवर: बदलांची नोंद असली पाहिजे. नोंदीअभावी गेलेला भाग हा निव्वळ गेलेला भाग असतो.

दुसरं टोक ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या पेबल बीचची स्पर्धा म्हणजे चकाकीची पंढरी. तिथे त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला. ही ग्रां प्रीची गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली, त्यांनी ती काळी रंगवून घेतली, वर पिवळा पट्टा. तो रंग आज फाटलाय, उडालाय, आणि तसाच ठेवलाय. नव्याने न घडवलेल्या, जतन केलेल्या गाडीला तिथे सर्वोच्च बक्षीस मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि बुगाटीचा रेसचा रंग निळा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तो काळा रंग खरवडून निळा लावला असता तर कारखान्याचा इतिहास परत आला असता, गाडीचा गेला असता.

आपल्याकडे नेमकं हेच होतंय. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि शोलावरमच्या लढाईच्या काळातल्या धावपट्टीवर पुढची काही दशकं शर्यती झाल्या. मुंबईहूनही गाड्या जात. परदेशी रेसिंग कार आणणारे मूठभर. बाकीच्यांच्या हाती असायची कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली फियाट. तिचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, मागची सीट उपटायची, बंपर काढून वजन कमी करायचं, कार्बोरेटरशी खटपट करायची. हिंदुस्थानातली रेसिंगची खरी कारागिरी या घरगुती उचापतींत होती. अशी एखादी फियाट आज गॅरेजात आली तर तिचं काय होतं? घासलेलं हेड टाकून नवं बसतं, दारावरचा नंबर पुट्टीखाली जातो, बंपर चोरबाजारातून येतात, क्रोम चढतं, आणि शर्यतीत धावलेल्या गाडीची एक सालस कौटुंबिक फियाट होते. तशा फियाटी आपल्याकडे हव्या तेवढ्या होत्या. ही एकच होती.

हा वाद आपल्याला नवा नाही. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ साली उतरवला तेव्हा आतलं रूप पाहून अनेकांना भरून आलं. २०२४ साली पंढरपूरच्या मंदिरातल्या अलीकडच्या फरशा काढल्या तेव्हा जुना काळा दगड उघडा पडला आणि बहुतेकांनी समाधान मानलं. पण शेंदूर हाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तांनीच चढवला होता. कोणता थर घाण आणि कोणता थर इतिहास, हे ठरवायला अभ्यासक लागतात, चर्चा लागते, आधी काढलेले फोटो लागतात. मूर्तीच्या बाबतीत हे आपण मान्य करतो. इमारतींच्या बाबतीतही मुंबईने १९९५ मध्ये वारशाची नियमावली केली आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर स्पष्टच सांगितलं आहे की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर मोलाची मानावी. त्याच सनदेच्या वळणाने जुन्या गाड्यांसाठी ट्युरिनची सनद झाली, फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती २०१२ मध्ये स्वीकारली. आपल्या किती गॅरेजांत, किती मालकांच्या कपाटात ती असेल, याबद्दल मी आशावादी नाही.

सरकारने मात्र अनपेक्षितपणे या वादात उडी घेतली. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’. तिला नंबर प्लेटवर व्हीए अशी खास मालिका, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला पाच हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी चालेल. हेतू चांगला आहे, नाहीतर तपासणीत नापास झालेली वीस वर्षांची गाडी भंगारात काढण्याच्या धोरणात १९३० ची गाडीही सापडली असती. पण ‘मूळ स्वरूप’ तपासायचं कसं? आरटीओत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. नंबर खरा आहे एवढं त्या छापातून कळतं. सांगाडा अ‍ॅशचा की सागवानाचा, इंजिन गाडीबरोबर जन्मलेलं की १९६५ मध्ये बदललेलं, हे त्यात उमटत नाही. आणि नियम काटेकोर लावला तर ‘ओल्ड नंबर वन’ वडाळ्याच्या आरटीओत नापास होईल! परिणाम उलटाच व्हायची भीती आहे: केलेलं काम मालक लपवतील, मिस्त्रीला गप्प राहायला सांगतील, आणि जी नोंद हवी ती कागदावर येणारच नाही.

जतनाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. धावणाऱ्या गाडीत सगळं जुनं ठेवणं हा वेडेपणा आहे. ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे यांत तडजोड नको. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर आणि बुचाच्या सील खातं, तेव्हा त्या बदलाव्याच लागतात. ज्यांना जुनी रेसिंग कार ट्रॅकवर खरोखर पळवायची आहे त्यांनी नव्वद वर्षांच्या लोखंडावर जीव टांगू नये. रंग, चामडं, लाकूड, काच, खरचटे यांना मात्र ही सबब लागू नाही. त्यांच्यामुळे कोणाचा जीव जात नाही.

वापर आणि जतन यांचं वैर असलंच पाहिजे असंही नाही. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक दसऱ्याला अजून रस्त्यावर येते. ती काचेत नाही, लिलावात नाही, आणि लोकांना तिची ओळख मिरवणुकीतूनच आहे. उलट इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग केव्हाच देशाबाहेर गेली. आज ती बघायची तर परदेशातल्या संग्रहात. मुंबईचे प्राणलाल भोगीलाल यांनी आयुष्यभर गाड्या जमवल्या, त्या संग्रहालाही घर मिळालं ते अहमदाबादजवळ. या शहरात गाड्यांना जागा नाही ही रड जुनीच आहे, तिच्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

तेव्हा या कलेबद्दल माझं मत असं: हात उत्तम, नजर कच्ची, वही कोरी. हात आणि नजर शिकवायला वेळ लागेल, वही आजपासून घालता येते. गाडी खोलायच्या आधी चारही बाजूंनी, खालून, आतून फोटो काढा. दाराच्या आतल्या बाजूला वीतभर जुना रंग तसाच सोडा. काढलेला भाग भंगारवाल्याला देऊ नका, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा. पत्रा कोणी ठोकला, इंजिन कोणी उघडलं, कोणत्या साली, हे मिस्त्रीच्या पूर्ण नावानिशी लिहून ठेवा. आजवर बक्षीस घेताना मंचावर मालकच गेला आहे. आणि रॅलीच्या परीक्षकांना विनंती: पुढच्या वेळी बॉनेटवर तोंड बघण्याआधी मालकाकडे ही वही मागा, आणि ती नसेल तर गुण कापा.