बिअरच्या कॅनची पट्टी

जुन्या बुलेटवाल्यांच्या गप्पांत एक पुस्तक हमखास निघतं. रॉबर्ट पिर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', साल 1974. सगळ्यांनी ते वाचलेलं असतंच असं नाही, पण निघतं. सूरही ठरलेला असतो. गाडी कशी, रस्त्याच्या कडेला पान्यानं उघडता आली पाहिजे. आताच्या टूरिंग बाइक म्हणजे चाकं लावलेले मोबाइल. आणि पिर्सिगनं हे तेव्हाच सांगून ठेवलंय.

मी हे पुस्तक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला अर्धवट सोडलं होतं. या पावसाळ्यात पूर्ण वाचलं. त्यात असं काहीही सांगितलेलं नाही.

1968 च्या उन्हाळ्यात पिर्सिग मुलाला, क्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. सोबत जॉन आणि सिल्विया हे मित्रजोडपं. पुस्तक या प्रवासावर उभं आहे. आता गाड्या बघा. पिर्सिगकडे होंडाची 1966 ची सुपर हॉक. 305 सीसी, ओव्हरहेड कॅम, बटण दाबलं की सुरू. तेव्हाच्या मानानं एकदम मॉडर्न जपानी गाडी. जॉनकडे बीएमडब्ल्यू आर 60/2, साधी, दणकट, किक मारून सुरू होणारी. आज कुठल्याही व्हिंटेज रॅलीत लोक आधी जॉनच्या गाडीभोवती जमतील. आणि पुस्तकात यंत्राला घाबरणारा माणूस जॉनच आहे.

त्याच्या गाडीचं हँडल सैल होऊन सरकायला लागतं. पिर्सिग उपाय सुचवतो: बिअरच्या कॅनचा पत्रा कापायचा आणि क्लॅम्पमध्ये पट्टी म्हणून घालायचा. ॲल्युमिनियम मऊ असतं, नीट बसतं, गंजत नाही. जॉनला हा अपमान वाटतो. 1,800 डॉलरच्या जर्मन गाडीत बिअरचा डबा! पिर्सिगला त्या तुकड्यात पट्टीचे गुण दिसतात, जॉनला फक्त डबा दिसतो. पुस्तकातली खरी फूट इथे आहे. ती जुन्या-नव्याची नाही. यंत्राच्या मागचा विचार वाचायला तयार असलेले एका बाजूला, आणि ते आपलं काम नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पिर्सिग पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरची मॅन्युअल्स लिहायचा. बुद्ध डोंगरमाथ्यावर जितका आहे तितकाच डिजिटल सर्किटमध्येही आहे, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही पानं बुलेटवाले बहुतेक गाळून वाचतात.

माझ्या बाबांकडे कास्ट आयर्न इंजिनची बुलेट होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सुरू करायचा एक विधीच होता. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँमीटरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढे सरकवायची, सोडायची, मग खरी किक. बॅटरी चार्ज होतेय की नाही हे सांगणारा काटा पिस्टन कुठे आहे तेही सांगायचा, कारण पॉइंट्स उघडले की करंट थांबतो. हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. बघता बघता कळलं होतं. मला ते कळायला इलेक्ट्रिकलचा एक पेपर लागला.

पण त्या गाडीचं कौतुक मी एका मर्यादेपर्यंतच करीन. ओल्या रस्त्यावर ड्रम ब्रेकनं थांबणं म्हणजे देवावर हवाला. माझ्या आताच्या गाडीत एबीएस आहे, थ्रॉटलला केबल नाही, मूठ म्हणजे नुसता सेन्सर. पुस्तकात पिर्सिग काळा पडलेला प्लग बघून ओळखतो की आपण उंचावर आलोय, हवा विरळ झालीय आणि मिश्रणात पेट्रोल जास्त पडतंय. मला ती पानं फार आवडतात. पण हेच काम माझा ईसीयू चालत्या गाडीत सतत करत असतो, आणि सगळ्याच प्रवासांत मला प्लग बघत बसायचं नसतं.

तर जुलैमध्ये माळशेज घाटात डॅशवर पिवळा दिवा लागला. मूठ पिळली तरी इंजिन 3,000 आरपीएमच्या वर जाईना. ओतूरपर्यंत ट्रकांच्या मागे रांगत आलो. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, दिवा गेला. कोड काय होता विचारलं, तर उत्तर आलं, "सर, ते सिस्टिममध्ये असतं." बिलावर 'सॉफ्टवेअर चेक'. दोन आठवड्यांनी दिवा परत हजर.

पुस्तकात एक प्रसंग आहे. सीझ झालेली गाडी गॅरेजमध्ये दिली जाते. रेडिओ मोठ्यानं चालू, पोरं हसतमुख, आणि गाडीची वाट लागते. शेवटी दोष निघतो तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतल्या 25 सेंटच्या एका पिनमध्ये. पिर्सिग म्हणतो, ही पोरं स्वतःच्याच कामाची प्रेक्षक झाली होती. मला स्कॅनरवाल्या मुलाकडे बघून हेच म्हणायचं होतं. पण ते खरं ठरलं नसतं. त्याच्या स्क्रीनवर त्याला दोनच बटणं होती, 'रीड' आणि 'क्लिअर'. त्याला प्रेक्षक करून बसवलं होतं.

इथे मला पुस्तक कमी पडतं. पिर्सिगचा सगळा हिशोब असा की यंत्र उघडं आहे, बंद आहे तो माणूस. धीर धरा, नीट बघा, अडकलेल्या स्क्रूशी भांडू नका, यंत्र बोलेल. म्हणून त्याच्या लेखी जॉनची भीती हा जॉनचाच दोष. बारबेक्यूच्या जोडणीची सूचनापत्रिका वाचताना तो दुसऱ्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो. जोडायचा एकच रस्ता आहे असा आव हे कागद का आणतात, असं तो विचारतो. म्हणजे लपवणारा कुणीतरी आहे. पण तिथून तो सरळ मनःशांतीकडे वळतो आणि लपवणारा सुटतो. (याच पुस्तकात त्याला टॅपेटचा आवाज ऐकू येतो आणि मागे बसलेल्या पोराचं रडणं कळत नाही. नेमकं कुठे ऐकायचं, हा त्याचा जुना घोळ आहे.)

मी एक ब्लूटूथ रीडर आणि ॲडॉप्टर केबल मागवली. कोड निघाला पी 0122: थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. टाकी उचलली, कनेक्टर सोडवला, एक पिन हिरवी पडली होती. घाटातलं पाणी. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, परत बसवला. दिवा पुन्हा लागलेला नाही. पान्यानं उघडणाऱ्या गाडीइतकीच ही गाडीही उघडली, आणि बुद्ध सर्किटमध्ये होताच. फक्त हे चार आकडी वाक्य वाचायला मला वेगळे पैसे मोजावे लागले, जे गाडीनं त्याच रात्री घाटात लिहून ठेवलं होतं. ते मला तिथेच दिसलं असतं तर ओतूरच्या एखाद्या गॅरेजमध्येही काम झालं असतं.

आणि हे लपवणारे लोक कोण, ते मला चांगलं माहीत आहे. मी ज्या ॲपवर काम करतो त्यात पेमेंट अडकलं की आम्ही दाखवतो, 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळानं प्रयत्न करा.' काय चुकलं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये नीट लिहिलेलं असतं, कारणासकट. ते वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच टाकलं. युजर गोंधळायला नको, असं तेव्हा मीटिंगमध्ये ठरलं होतं आणि मला पटलंही होतं. म्हणजे गोंधळणारा कुणीतरी जॉन आम्ही आधीच गृहीत धरला होता.

ऑगस्टमध्ये मी खरं कारण दाखवायचं एक तिकीट टाकलं. त्यावर अजून 'लो प्रायॉरिटी' असं लेबल आहे.