दुखणे, कृपा आणि उपकारस्तुती

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मराठी वाचकाच्या मनातील चित्र दुभंगलेले आहे. एका बाजूस स्त्रीशिक्षणाच्या कार्यकर्त्या रमाबाई. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती रमाबाई. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्यात त्यांचे स्मरण पहिल्या नात्याने होणे स्वाभाविक आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचा विवाह १८९३ साली झाला आणि १८९६ साली स्थापन झालेला कर्व्यांचा आश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर आला. या इतिहासात रमाबाईंच्या श्रद्धेचा उल्लेख बहुधा वादाच्या संदर्भात येतो. त्यांच्या देहाचा तर फारसा येतच नाही.

वस्तुतः त्यांच्या जीवनक्रमास वळण देणाऱ्या कारणांत देहाची बाधा हे एक ठळक कारण होते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या उद्देशाने. वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात अध्ययन व अध्यापन केले. बहिरेपणा हटला नाही. म्हणून रमाबाईंची कृतज्ञता ही बरे झालेल्या रोग्याची कृतज्ञता नव्हे. नवस फिटल्यानंतरचा आनंद आणि व्याधी कायम असताना केलेली उपकारस्तुती या भिन्न जातीच्या गोष्टी आहेत, हा भेद ध्यानी न घेतल्यास त्यांच्या लेखनाचे मर्म हाती लागत नाही.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनाचा, म्हणजे ‘साक्षी’चा, केंद्रविषय बहिरेपणा नाही. दुष्काळात झालेले आई-वडिलांचे मृत्यू, तीर्थयात्रा, शास्त्राध्ययन आणि धर्मशोध यांचा तो वृत्तान्त आहे. त्यातील लक्षणीय विधान असे की, बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता. तो लाभ कित्येक वर्षांनी झाला. जे आपण मिळवले नाही तेच आपले खरे धन, ही या निवेदनाची धारणा आहे. शरीराने ज्याला वारंवार थांबवले त्या माणसाला ही धारणा केवळ सिद्धान्त म्हणून पटत नाही. ती त्याच्या अनुभवाशी जुळते.

येथे मराठी भाषेची घटना काही प्रकाश टाकते. मराठीत दुखणे माणूस ‘करीत’ नाही. ते त्याला ‘येते’, ‘होते’, ‘जडते’. ‘तिला ताप आला’ या वाक्यात ताप कर्ता आहे आणि ती चतुर्थीत आहे. कृपेचीही रचना अशीच: ‘तिच्यावर कृपा झाली.’ दोन्ही ठिकाणी माणूस घेणारा आहे, घडवणारा नाही. परंतु ‘तिने उपकार मानले’ असे म्हणताच माणूस तृतीयेत, कर्त्याच्या पदावर येतो. दुखण्याने हिरावून घेतलेले कर्तेपण कृतज्ञतेच्या वाक्यात परत मिळते. व्याकरणावरून अध्यात्म सिद्ध होत नाही, हे खरे; पण ज्या भाषेत अनुभव सांगायचा तिची ठेवण अनुभवाला आकार देते, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

‘उपकार’ हा शब्दही विचारणीय आहे. व्यवहारात उपकार ‘फेडतात’. न फेडलेला उपकार ओझे होतो. ख्रिस्ती मराठीने ‘उपकारस्तुती’ हा समास रूढ केला आणि फेडण्याच्या जागी स्तवन आणले. जे फेडता येत नाही त्याची लाज न बाळगता ते उच्चारावे, असा त्याचा भाव. दीर्घ आजारी माणसाला इतरांचे उपकार रोजच घ्यावे लागतात. त्याला ‘फेडणे’ या क्रियापदातून सुटका देणारा हा शब्द नुसता पारिभाषिक राहत नाही.

तुलनेसाठी कृपाबाई सत्यनाथन (१८६२–१८९४) यांचे उदाहरण घ्यावे. अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाईंनाही डॉक्टर व्हायचे होते. प्रकृतीच्या कारणाने इंग्लंडला जाणे राहिले; १८७८ साली मद्रासच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षानंतर प्रकृती ढासळली आणि त्या पुण्यास बहिणीकडे आल्या. ‘सगुणा’ ही त्यांची आत्मचरित्रपर इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा बराच भाग आई-वडिलांच्या आणि भावाच्या वृत्तान्ताला दिलेला आहे. वडिलांचे धर्मांतर सांगताना आईची कुचंबणा झाकलेली नाही. श्रद्धेचे ऋण मान्य करताना तिची किंमतही सांगणे, हा या लेखनाचा प्रामाणिकपणा होय. रमाबाईंच्या निवेदनात श्रद्धा शोधाअंती येते. कृपाबाईंकडे ती वारशाने येते आणि दुखण्याच्या कसोटीवर पुन्हा तपासली जाते.

या प्रकारच्या लेखनावर एक आक्षेप संभवतो: अशी कृतज्ञता म्हणजे दुःखावर घातलेले पांघरूण नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. ‘मी उपकार मानते’ हे प्रथमपुरुषी विधान आहे. त्याचे ‘तू उपकार मान’ असे आज्ञार्थी रूप केले की ते रोग्याला गप्प बसवण्याचे साधन होते. प्रवचनांतून आणि सांत्वनपर पुस्तिकांतून हे रूपांतर सहज घडते. रमाबाईंनी ते केले नाही, याचा पुरावा त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या कामात आहे. केडगावच्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय होती. व्याधी ईश्वरी प्रसाद म्हणून सोसा, एवढेच सांगायचे असते तर अशा सोयीची गरज भासली नसती.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना कळेल अशी भाषा हा त्यामागील हेतू होता. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. ज्या स्त्रीच्या कानांना बोल अस्पष्ट झाले होते तिने इतरांना ऐकू जावे म्हणून शब्द निवडण्यात ही वर्षे घालवली. तिच्या उपकारस्तुतीचा अर्थ लावताना समीक्षकाने ‘साक्षी’बरोबर हे भाषांतरही पुढ्यात ठेवले पाहिजे.