हृदयाचा तक्ता आणि ईसीजीची रेघ

आठवीच्या वर्गात एका मुलीने आजोबांचा ईसीजी आणला. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काढलेला. तिने विचारले, "सर, यात ब्लॉकेज कुठे दिसते?" सगळा वर्ग भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे पाहू लागला. मीही पाहिले, आणि या प्रश्नाचे मूळ तक्त्यातच आहे हे ध्यानात आले.

असा तक्ता आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत असेल. तांबड्या-निळ्या रंगांत चार कप्पे, झडपा आणि बाण. पंप म्हणून हृदय त्यात छान दाखवले आहे. पण हा पंप चालतो कशावर? त्याबद्दल एक अक्षर नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत वरच्या बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो. तेथून निघालेला विद्युत् संदेश आधी दोन्ही अलिंदांत पसरतो, सीमेवर सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळतो आणि मग निलयांत धावतो. तो रेंगाळतो म्हणूनच अलिंदांना रिकामे व्हायला सवड मिळते. मला तरी हे झडपांपेक्षा अधिक नवलाचे वाटते.

ईसीजी या विजेची नोंद आहे, नळ्यांचे छायाचित्र नव्हे. पहिला छोटा उंचवटा अलिंदांचा, उंच टोक निलयांचे, नंतरची गोलसर लाट निलय पूर्वस्थितीला येतात त्याची. धमनी बरीच अरुंद झालेली असली, तरी विश्रांतीच्या वेळी ही रेघ निर्दोष दिसू शकते. स्नायूला रक्त कमी पडू लागले की टोक आणि लाट यांमधला भाग वर किंवा खाली सरकतो. पण हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी कधीकधी चांगला येतो. म्हणून डॉक्टर काही वेळाने तो पुन्हा काढतात, रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला एक दिवस थांबणेही जड जाते. 'कागद चांगला आला' एवढे ऐकून छातीत दुखत असताना तो ट्रकमध्ये चढला, तर त्याला कागद काय सांगत नाही हे कोणीच सांगितलेले नसते.

चित्रपटांनी तर आणखी घोळ घातला आहे. रेघ सपाट झाली की डॉक्टर विजेचा झटका देतात आणि नायक उठतो! वास्तविक झटका उपयोगी पडतो तो निलय विस्कळीतपणे थरथरत असताना. सपाट रेघेवर त्याचा उपयोग होत नाही.

यंत्र अंगात वीज सोडते, ही भीतीही मुलांकडून ऐकली. ते फक्त मोजते, आणि मोजायचे असते जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या सुमारे दीडहजाराव्या भागाएवढे. नेदरलँड्समधील लायडन येथे आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा नोंदी घेतल्या, तेव्हा रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. आज तेच काम चिकट जेली करते. त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

मग आम्ही तो कागद वाचायला घेतला. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, आणि मिनिटाला असे ३०० चौकोन. दोन उंच टोकांमध्ये चार चौकोन भरले. ३०० भागिले ४, ठोके ७५. ताल नियमित असेल तरच हा हिशेब चालतो.

हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. उन्हात राहिला की रेघ पुसट होते. छायाप्रत काढून ठेव, असे सांगून मुलीला तो परत दिला.