पाठ, वाट आणि वाचक

ग्रंथ माणसाला आत्मबळ देतो, या विधानाचा विचार मराठी समीक्षेने बहुधा एकट्या वाचकाच्या संदर्भात केला आहे. वाचक एकांतात संहितेला सामोरा जातो, तिच्यातून त्याला अंतर्दृष्टी लाभते आणि तो अधिक समर्थ होतो, असे यामागचे गृहीतक आहे. मुद्रणसंस्कृतीत घडलेल्या वाचकाला ते लागू पडते. वारकरी परंपरेतील ग्रंथव्यवहार मात्र त्यात सामावत नाही.

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे या दृष्टीने विचारार्ह ठिकाण आहे. बरडचा मुक्काम आटोपून, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करून ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी येथे मुक्कामाला येते. वाटचालीत आणि मुक्कामी हरिपाठ, भजन, कीर्तन चालते. एकाने चरण म्हणावा आणि दिंडीने तो उचलावा, या क्रमात पाठक आणि श्रोता यांच्या भूमिका सतत बदलत राहतात. अक्षरओळख नसलेली व्यक्तीही येथे संहितेची अधिकारी पाठक असते, कारण संहिता तिला मुखोद्गत असते. आवडता ग्रंथ म्हणजे निवडलेला ग्रंथ, ही कल्पना येथे शिथिल होते. ग्रंथ वारशाने आणि सहवासाने अंगवळणी पडलेला असतो.

हा व्यवहार ग्रंथबाह्य नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची रचनाच श्रोत्यांना गृहीत धरते. नवव्या अध्यायाच्या आरंभी निरूपणकार श्रोत्यांपाशी अवधान मागतो. अर्थनिर्मितीतील त्यांचा वाटा तो मान्य करतो. ग्रंथाच्या अखेरीस मागितलेले पसायदानही केवळ स्वतःपुरते नाही. त्याची मागणी प्राणिमात्रांच्या परस्पर मैत्रीपर्यंत पोहोचते. तेव्हा या ग्रंथाने दिलेले बळ वाचकाच्या मनःशांतीवरून मोजणे पुरेसे ठरत नाही. वाचकाचा इतरांशी असलेला संबंध त्याने बदलतो काय, हाच त्याचा निकष ठरतो.

या निकषावर परंपरेचीही परीक्षा होते. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख या संदर्भात महत्त्वाचा आहे. पंढरीला जाणाऱ्या लोकांचा प्रदेश तो महाराष्ट्र, असे महाराष्ट्राचे आकलन त्यांना या वाटेवर झाले. त्याच लेखात एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या असल्याचे त्या नोंदवतात. सामूहिक पाठाने निर्माण केलेली एकात्मता पंगतीपाशी खंडित होते. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकातील निवेदकही वारीत सामील होतो, पण आपले साक्षीपण सोडत नाही. हे दोन्ही लेखक मुद्रित ग्रंथांवर पोसलेले वाचक आहेत. सामूहिक पाठाच्या सामर्थ्याला ते दाद देतात; मात्र आधुनिक वाचकाची चिकित्सा ते वाटेवर टाकून देत नाहीत.

साने गुरुजींच्या उदाहरणात हे दोन्ही वाचनव्यवहार एकत्र येतात. संतसाहित्यावर पोसलेल्या या लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. शतकानुशतके अभंग गात आलेल्या समाजाला त्या अभंगांचा अर्थ आचरणात आणण्यासाठी एका वाचकाला प्राण पणाला लावावे लागले. केवळ पाठांतराने अर्थ साध्य होत नाही, हे यातून सिद्ध होते. त्याचबरोबर त्या पाठानेच असा वाचक घडवला, हेही नाकारता येत नाही.

म्हणून आध्यात्मिक उन्नतीच्या ग्रंथांची समीक्षा करताना आस्वाद आणि तत्त्वज्ञान या दोन कसोट्या अपुऱ्या आहेत. ग्रंथ कोणासह म्हटला गेला आणि म्हणून झाल्यावर पंगतीत कोण उरले, हा प्रश्नही समीक्षेच्या कक्षेत यायला हवा. नातेपुत्यासारख्या मुक्कामावर दरवर्षी तो नव्याने उभा राहतो.