किंमत न मोजलेले सुख

कादंबरीमालेचा वाचक हा एका परीने ठेवीदार असतो. प्रत्येक खंडागणिक तो आपला विश्वास लेखकाच्या स्वाधीन करीत जातो आणि अखेरच्या खंडात ती ठेव व्याजासह पदरी पडावी, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांची वाट पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नाते समजावून सांगावयास नको. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ मालेतील ‘ब्रेकिंग डॉन’ या चौथ्या खंडाचा विचार आम्ही याच नात्याने करणार आहोत. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या मुली ही पुस्तके वाचीत वाढल्या. बदलीच्या सामानात ती गावोगाव हिंडली. तेव्हा ‘पोरकट वाङ्मय’ म्हणून त्यांना बाजूस सारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

२००५ साली ‘ट्वायलाइट’, २००६ मध्ये ‘न्यू मून’ आणि २००७ मध्ये ‘एक्लिप्स’ असे तीन खंड निघाले होते. वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या सदा पावसाळी गावात वडिलांकडे राहावयास आलेली बेला स्वान, तिचा प्रियकर एडवर्ड कलन हा व्हँपायर, आणि तिच्यावर जीव टाकणारा, लांडग्याचे रूप घेऊ शकणारा जेकब ब्लॅक, असे हे त्रिकूट आहे. २ ऑगस्ट २००८ रोजी चौथा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या १३ लाख प्रती खपल्या. पण पाठोपाठ निष्ठावंत वाचकांतूनच नाराजीचा सूर उठला आणि प्रती दुकानदारांना परत करण्याची भाषाही ऐकू आली. हा रोष अकारण होता काय?

कथानक थोडक्यात असे. बेला व एडवर्ड यांचा विवाह होतो. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मधुचंद्र चालू असतानाच बेलाला दिवस गेल्याचे ध्यानात येते. गर्भ झपाट्याने वाढू लागतो आणि मातेचा देह आतून मोडू लागतो. एडवर्डला तो नको आहे, बेलाला तो प्राणापलीकडे हवा आहे. महिनाभरातच रेनेस्मे नावाची कन्या जन्मते आणि मरणाच्या दारी पोहोचलेल्या बेलाला एडवर्ड आपल्या योनीत ओढून घेतो.

अनपेक्षित गर्भधारणा ही प्रेमकथेतील फार जुनी युक्ती आहे. युक्ती जुनी म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. तिच्यामुळे पात्रांच्या अंतरंगाचा कस लागतो की नुसता कथानकाचा गुंता सुटतो, हे पाहावयाचे. या कसोटीला कादंबरीचा मधला भाग उतरतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तेथे निवेदन जेकबकडे आहे. जिच्यावर प्रेम केले ती डोळ्यांदेखत झिजत चालली आहे आणि तिला वाचविण्याचा मार्ग तिच्याच हट्टाने बंद केला आहे, ही त्याची तगमग खरी वाटते. गर्भाची तहान भागविण्यासाठी बेला पेल्यातून रक्त पिते, तो प्रसंग किळसवाणा असूनही करुण आहे. बेलाच्या बाजूने रोझली उभी राहते, हेही अर्थपूर्ण आहे. येथे मातृत्व हे भय आणि समर्पण अशा दोन्ही रूपांनी समोर येते.

दुर्दैवाने लेखिकेला हा ताण पेलवत नाही. ‘एक्लिप्स’मध्ये याच रोझलीने आपली कहाणी बेलाला सांगितली होती. अमरत्व मिळाले, परंतु मांडीवर मूल खेळण्याचे सुख कायमचे गेले, असे तिचे दुःख होते. त्या प्रकरणाने सगळ्या मालेला नैतिक वजन दिले होते. बेलाची निवड मोठी होती, कारण तिची किंमत मोठी होती. नव्याने व्हँपायर झालेल्यांना तहान दीर्घ काळ आवरत नाही आणि आप्तांचा वियोग अटळ आहे, हेही त्याच खंडात ठसविले होते. चौथ्या खंडात ही सारी देणी एकामागून एक माफ होतात. बेलाला मूल मिळते, अमरत्व मिळते, संयम पहिल्याच दिवशी साधतो आणि वडीलही दुरावत नाहीत. पहिल्या दृष्टिक्षेपात जन्माची गाठ पडण्याचा जो नियम जेकबच्या जमातीत आहे, तो तान्ह्या रेनेस्मेला लागू करून त्याचाही प्रश्न मिटविला जातो. तो नियम आधीच्या खंडात सांगितलेला होता, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु तीन खंड धुमसलेल्या वेदनेचा असा निकाल लावणे ही पळवाटच होय.

शेवटी व्हॉल्तुरी नावाचे सत्ताधीश सैन्य घेऊन चालून येतात, बर्फाळ मैदानात दोन्ही बाजू समोरासमोर ठाकतात, दक्षिण अमेरिकेतून आणलेला एक साक्षीदार रेनेस्मेसारखी संतती निरुपद्रवी असल्याचे सिद्ध करतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. रक्तपाताविना संघर्ष मिटावा, ही लेखिकेची दृष्टी आम्हांस आदरणीय वाटते. मुखपृष्ठावरील बुद्धिबळाची सोंगटी हेच सुचविते. पण बुद्धिबळातही मोहरी गमवावी लागतात. आपल्या घरची एकही सोंगटी न गमावता जिंकलेला डाव पाहणाऱ्याला रंगत नाही. २०१२ च्या चित्रपटात येथे एक भीषण लढाई भविष्यदर्शन म्हणून घातली आहे. पटकर्त्यांनाही ही उणीव जाणवली असावी.

या दोषाचे मूळ रचनेच्या इतिहासात सापडते. ‘ट्वायलाइट’नंतर मायर यांनी ‘फॉरएव्हर डॉन’ नावाचा उत्तरभाग लिहून ठेवला होता आणि चौथ्या खंडाचा गाभा त्यातलाच आहे. मधले दोन खंड नंतर रचले गेले. म्हणजे शेवट आधी ठरला आणि पात्रे मागाहून वाढली. वाढलेल्या पात्रांना तो शेवट अंगाला अपुरा पडला. ‘न्यू मून’मधील विरह आणि ‘एक्लिप्स’मधील द्विधा भोगून आलेली बेला ही पहिल्या खंडातील बेला राहिलेली नव्हती. तिला तिच्या नव्या उंचीचा शेवट द्यावयास हवा होता.

तरुण वाचिकांपुढे सुखान्त ठेवू नये, असे आम्ही म्हणत नाही. निवडीमागे त्याग असतो, ही गोष्ट या मालेने तीन वेळा प्रामाणिकपणे सांगितली आणि चौथ्या वेळी मागे घेतली, एवढीच आमची तक्रार आहे. ज्या घरी ही पुस्तके असतील, तेथील आईबापांनी ‘एक्लिप्स’मधील रोझलीचे प्रकरण आणि ‘ब्रेकिंग डॉन’मधील जेकबचा भाग मुलींसमवेत अवश्य वाचावा आणि बेलाने खरोखर काय गमावले, हे त्यांना विचारावे. उत्तर शोधताना त्या कादंबरीकर्त्रीच्या पुढे जातील, असा आम्हांस भरवसा वाटतो.