अभियंत्यांच्या आचारसंहिता : एक वाचन

अभियंत्यांच्या संस्थांच्या आचारसंहिता सहसा कोणी बारकाईने वाचत नाही. पण दोन काळांतल्या संहिता शेजारी ठेवल्या की त्या बोलू लागतात. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १९१२ च्या संहितेत ग्राहकाच्या किंवा मालकाच्या हिताचे रक्षण हे अभियंत्याचे पहिले कर्तव्य होते. १९७४ मध्ये तिथल्या अभियंता-संस्थांच्या संयुक्त मंडळाने लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांना सर्वोच्च स्थान दिले.

वाक्य बदलले, पण त्यामागे बळ किती?

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ रेल्वे स्वयंचलित नियंत्रणावर चालणार होती. तिच्या चाचण्या अपुऱ्या आहेत, असे ह्यॉर्ट्सव्हांग, ब्लँकेन्झी आणि ब्रूडर या अभियंत्यांचे मत होते. वरिष्ठ दाद देईनात, म्हणून त्यांनी संचालक मंडळातील एका सदस्याला गाठले. मार्च १९७२ मध्ये तिघांनाही काढून टाकण्यात आले. सप्टेंबरात वाहतूक सुरू झाली आणि २ ऑक्टोबरला फ्रीमाँट स्थानकात एक गाडी न थांबता रुळांच्या टोकापलीकडे गेली. एका स्फटिक-आंदोलकातील बिघाडामुळे वेग कमी करण्याऐवजी वाढवण्याचा संदेश गेला होता.

तिघांनी दावा लावला. ‘आय ट्रिपल ई’ या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने जानेवारी १९७५ मध्ये न्यायालयात निवेदन दिले : लोकांची सुरक्षितता जपणे हे अभियंत्याच्या नोकरीच्या करारात गृहीतच असते. दावा मात्र तडजोडीने मिटला. या मुद्द्यावर निकाल झालाच नाही. १९७८ मध्ये संस्थेने तिघांचा गौरव केला. गौरव योग्यच, पण नोकरी जाऊन सहा वर्षे झाली होती.

संहितेची उणीव इथे आहे. अभियंत्याने काय करावे हे ती सांगते. तसे केल्यावर संस्था काय करील, हे सांगत नाही. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवू नये, असे ‘आय ट्रिपल ई’च्या आजच्या संहितेत आहे. परंतु ते बंधन सभासदांवर आहे, मालकावर नाही. शिवाय सभासदत्व ऐच्छिक. संस्थेने नाव कमी केले तरी नोकरी टिकते. नोकरी गेली तर सभासदत्वावर घर चालत नाही.

म्हणून संहिता निरर्थक ठरते का? नाही. न्यायालयात उभे राहायला संस्थेजवळ आधार होता, तो या बदललेल्या विचाराचाच. अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिक्षकांनी ही दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि विचारावे : दुसरे वाक्य पाळणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे?